जुना पंखा मंद का फिरतो?

बदली झालेल्या कुटुंबांची आवराआवर, सरकारी कचेऱ्यांतील जुन्या सामानाचे लिलाव आणि पुण्याच्या जुन्या बाजारासारखी ठिकाणे यांच्या वाटेने छताचे पंखे एका घरातून दुसऱ्या घरात जात असतात, आणि नव्या जागी टांगले जाताच त्यांपैकी पुष्कळांविषयी एकच तक्रार ऐकू येते, ती ही की पंखा फिरतो, पण वारा लागत नाही. ही तक्रार घेऊन मनुष्य दुकानात गेला, की मोटर गेली आहे, रिवाइंडिंग करावे लागेल, असा निकाल अनेकदा पंखा उघडण्यापूर्वीच दिला जातो. वस्तुतः रिवाइंडिंग हा अखेरचा उपाय होय. त्याअगोदर ज्यांची शहानिशा करावयास हवी अशी चार-पाच कारणे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या दुरुस्तीचा खर्च नव्या पंख्याच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ असतो.

दोष पंख्याचा की रेग्युलेटरचा, हे प्रथम ठरवावे. पूर्वीच्या पेटीवजा रेग्युलेटरमध्ये रोधक तारेची वेटोळी असतात. खालच्या क्रमांकांवर विजेचा काही दाब त्या तारेतच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो आणि उरलेला पंख्याच्या वाट्याला येतो, शेवटच्या क्रमांकावर मात्र तार वगळली जाऊन पंख्यास सगळा दाब मिळतो. म्हणून पूर्ण वेगावर ठीक चालणारा पंखा एखाद्या क्रमांकापासून खाली अजिबात फिरत नसेल, तर ते वेटोळे तुटले आहे असे खुशाल समजावे. आणि नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवरील पंखा प्रत्येक क्रमांकावर सारखाच भरधाव फिरत असेल, तर त्यातील ट्रायॅक नावाचा भाग निकामी झालेला असतो. पूर्ण वेगावरही पंखा मंदच असेल, तर वायरमनकडून रेग्युलेटर वगळून तो थेट जोडून पाहावा. त्याच वेळी घरातील इतर पंखेही रेंगाळत असतील, तर विजेचा दाबच कमी आहे, आणि पंख्यावर नाहक खर्च करण्याचे कारण नाही.

थेट जोडूनही गती वाढली नाही, तर कंडेन्सरकडे वळावे, कारण मंद पंख्याच्या मुळाशी बहुधा तोच असतो. आपल्या घरात येणाऱ्या विजेने मोटरमध्ये जे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, ते झोपाळ्याप्रमाणे मागेपुढे होत राहते, भोवती फिरत नाही; ते फिरावे म्हणून मोटरमध्ये दुसरे वेटोळे घालून, कंडेन्सरच्या योगाने, त्यातील प्रवाहाची लय पहिल्याहून निराळी केलेली असते. ४८ इंची पंख्याच्या कंडेन्सरवर बहुधा २.५ मायक्रोफॅरड हा आकडा छापलेला आढळतो. त्या लहानशा डबीच्या पोटात प्लॅस्टिकच्या पातळ पटलावर धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो, आणि दाबाच्या एखाद्या उसळीने पटलास छिद्र पडले, तर तेवढ्या जागेवरील धातू वाफ होऊन उडून जातो व कंडेन्सर पुढे चालू राहतो. योजना खरोखर चतुर आहे. परंतु अशा प्रत्येक प्रसंगी थराचे क्षेत्रफळ तिळातिळाने घटते आणि त्याबरोबर कंडेन्सरची क्षमताही घटते, त्यामुळे पंखा एका दिवसात न बिघडता वर्षानुवर्षे मंदावत जातो आणि घरच्यांच्या ते ध्यानातही येत नाही. नुसता गुणगुणणारा पंखा पात्यास काठीने ढकलल्यावर फिरू लागला, तर कंडेन्सर संपूर्ण गेला आहे, असे बहुधा ठरते. नवा बसवताना आकडा तोच ठेवावा. वेग वाढावा म्हणून मोठा कंडेन्सर बसवण्याचा प्रघात घातक आहे, कारण त्याने वेटोळी तापून अकाली जळतात. मेन स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज शिल्लक राहू शकते, हेही विसरू नये.

वीज बंद असतानाच एका पात्याला बोटाने हलका धक्का द्यावा. निर्दोष पंखा निःशब्दपणे बरेच फेरे घेऊन अलगद थांबतो. बेअरिंगमधील ग्रीस वाळले असेल, तर मात्र पात्याच्या टोकाशीही बारीक खरखर बोटाला जाणवते आणि पंखा अडखळत लवकर थांबतो. वरून तेल सोडल्याने दोन दिवस बरे वाटते, पुढे त्याच तेलात धूळ मिसळून चिकटा होतो. तेव्हा बेअरिंग बदलणेच श्रेयस्कर.

जुन्या बाजारातील पंख्याचे एक खास दुखणे असे, की त्याची मोटर एका पंख्याची आणि पाती दुसऱ्याची असतात. पात्यांचा कल अधिक असेल, तर मोटरवर भार पडून ती मंदावते. कल कमी असेल, तर पंखा जोरात फिरतो, पण वारा खाली येत नाही. तिन्ही पाती एकाच संचातील आहेत की नाहीत, हे दुकानदाराच्या शब्दावर न सोडता स्वतः मोजून पाहावे. तारांची अदलाबदल होऊन पंखा उलटा फिरू लागला, तरी वारा छताकडे जातो. आपल्याकडील पंखा खालून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरावयास हवा.

इतके सारे तपासूनही मिनिटास ३५० ते ४०० फेऱ्यांचा नेहमीचा वेग येत नसेल, आणि अर्धा तास चालवून वीज बंद केल्यावर मोटरच्या अंगावर हात ठरत नसेल, तरच वेटोळ्यांवर संशय घ्यावा. पूर्वी कोणी रिवाइंडिंग केले असून त्यात हलकी तार घातली असेल, तर हा चटका बहुधा लागतोच. म्हणून पैसे देण्यापूर्वी पंखा पाती लावून दुकानातच अर्धा तास पूर्ण वेगावर चालवून घेण्याचा आग्रह धरावा, आणि विक्रेता त्यास राजी नसेल तर तो सौदा करू नये.

पंखा टांगतेवेळी दांडीच्या बोल्टातील स्प्लिट पिन आणि हुकाजवळचे रबर नवे घालावे. पंखा कितीही उत्तम फिरत असला, तरी या दोहोंवाचून तो माणसांच्या डोक्यावर लावू नये.