अक्षर की आज्ञा?

इ. स. १७६१ मध्ये इंग्रजांनी पुदुच्चेरी जिंकली, तेव्हा तेथील फ्रेंचांचा छापखाना त्यांच्या हाती आला. तो मद्रासनजीकच्या वेपेरी येथील मिशनमध्ये फाब्रिसियस या पाद्र्याच्या हवाली करण्यात आला आणि तेथून त्या शहराच्या मुद्रणाचा इतिहास सुरू झाला. आज त्याच चेन्नईत परदेशी प्रकाशकांच्या शास्त्रीय मासिकांची व ग्रंथांची पाने जुळविणाऱ्या अनेक संस्था आहेत. लेखक एका खंडात, वाचक दुसऱ्या खंडात आणि जुळारी चेन्नईत, असा हा व्यवहार आहे. जुळाऱ्याला त्या मजकुराचा विषय, क्वचित त्याची भाषाही, अवगत नसते. अर्थावरून चूक ओळखण्याची सोय त्याला नसल्यामुळे त्याची सारी भिस्त नियमांवर असते. या नियमांतील एक वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु तो चुकला तर छापलेल्या पानाचा अर्थच पालटतो.

खिळ्यांच्या काळात संपादक हस्तलिखिताच्या समासात ‘ठळक टाइप’ असे लिहून त्याभोवती वर्तुळ काढीत असे. वर्तुळातील शब्द छापावयाचे नसून पाळावयाचे आहेत, हे जुळारी डोळ्यांनी ओळखत असे. संगणकाला असा डोळा नाही. त्याच्यापुढे मजकूर आणि आज्ञा एकाच अक्षरमालेतून येतात. आज पुष्कळ लेखक साध्या मजकुरातच खुणा घालून लिहितात : शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका असल्या म्हणजे तो उठावाचा, ओळीच्या आरंभी हॅश असले म्हणजे ते शीर्षक. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्कडाउन ही पद्धत अशीच आहे. असा मजकूर पुढे ‘टेक’सारख्या अक्षरजुळणीच्या भाषेत रूपांतरित केला जातो. डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये ही भाषा सिद्ध केली. गणिताच्या पानांसाठी ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

अडचण अशी की, दोन्ही भाषांच्या खुणा वेगळ्या आहेत. टेकमध्ये दहा चिन्हे आज्ञेसाठी राखून ठेवली आहेत. त्यांत उलटी तिरपी रेघ, महिरपी कंस, डॉलर, तळरेघ आणि शेकड्याचे चिन्ह यांचा समावेश होतो. लेखकाला जे साधे शेकड्याचे चिन्ह वाटते, ते टेकच्या दृष्टीने ‘येथून ओळीच्या शेवटापर्यंत दुर्लक्ष करा’ अशी सूचना असते. समजा, एका वैद्यकीय लेखात वाक्य आहे : ‘या औषधाने ६०% रुग्णांना आराम पडतो, मात्र गर्भवती स्त्रियांनी ते घेऊ नये.’ चिन्ह जसेच्या तसे पुढे गेले, तर कागदावर ‘या औषधाने ६०’ एवढेच उमटेल. पूर्ण परिच्छेद एकाच ओळीत लिहिला असेल, तर तेथून पुढचा सगळा परिच्छेद नाहीसा होईल. तळरेघ चुकली तर यंत्र निदान तक्रार करते. येथे तेही होत नाही. इशारा गेला, आणि तो गेल्याचे कोणी सांगितलेही नाही.

यावर उपाय चिन्हाला कवच घालण्याचा. शेकड्याच्या चिन्हापूर्वी उलटी तिरपी रेघ लिहिली की टेक ते छापावयाचे चिन्ह मानते. पण येथे एक खाचखळगा आहे. प्रथम सर्व शेकड्यांच्या चिन्हांना कवच घातले आणि मग मजकुरातील तिरप्या रेघा बदलावयास घेतल्या, तर नुकतेच घातलेले कवचच बदलले जाते आणि आतले चिन्ह पुन्हा मोकळे सुटते. उलट क्रमाने गेले तर तिरप्या रेघेच्या बदली आलेले महिरपी कंस दुसऱ्या फेरीत सापडतात. म्हणून मजकूर आरंभापासून अखेरपर्यंत एकदाच वाचावा, प्रत्येक चिन्ह एकदाच बदलावे, आणि हे काम रूपांतराच्या अगदी शेवटच्या दारात करावे. गणिताची सूत्रे मात्र यातून वगळावीत. तेथे तळरेघ ही खरोखरच आज्ञा असते.

मराठीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ या दोन शब्दांत फरक फक्त र-काराच्या रूपाचा. संगणकाच्या अक्षरमालेत पहिल्या शब्दातील अर्धा र वेगळ्या अक्षराने, म्हणजे नुक्ता असलेल्या र-ने, लिहिला जातो. किंवा साध्या र-पुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवले जाते. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने नुक्ता अथवा अदृश्य चिन्ह ‘कचरा’ समजून झाडून टाकले, तर स्वयंपाकघरातला आचारी विद्यापीठातला आचार्य होऊन बसतो. तमिळमधील एका ध्वनीसाठी नागरीत ‘ऴ’ हे अक्षर आहे. त्याचीही गत तीच. ‘वाऴ्’ म्हणजे जगणे, ‘वाळ्’ म्हणजे तलवार. तमिळविषयीच्या मराठी ग्रंथातून तेवढा एक ठिपका गळाला, तर जीवनाच्या जागी शस्त्र येते. शिवाय निवडलेल्या टंकसंचात एखादे अक्षरच नसेल, तर टेक काम थांबवीत नाही. आपल्या नोंदवहीत ‘अक्षर नाही’ असे लिहून पुढे जाते. ती नोंदवही उघडून पाहणारे विरळा.

यासाठी जाणते जुळारी एक चाचणीचे पान बाळगतात. त्यावर दहाही राखीव चिन्हे, आचारी आणि आचार्य यांची सामान्यरूपे, ‘ऴ’ आणि अदृश्य जोडचिन्ह असा सगळा ऐवज असतो. रूपांतराची रीत बदलली, की प्रथम हे पान छापून मुळाशी अक्षरशः ताडून पाहावयाचे. त्यासाठी भाषा येण्याची गरज नाही; दोन पाने शेजारी ठेवून पाहण्याची चिकाटी पुरते. चेन्नईतील जुळाऱ्याने ती दाखविली, तरच दूरच्या लेखकाने दिलेला इशारा रुग्णापर्यंत पोहोचतो.