पाणी भिंत सोडतं तेव्हा

घावन घालण्याआधी तवा तापला का ते पाहायला आमच्याकडे ओला हात झटकतात. बेताने तापलेल्या तव्यावर चर्र होऊन पाणी क्षणात उडतं. तवा फार तापला असेल, तर मात्र थेंबांच्या गोळ्या होऊन इकडून तिकडे पळत सुटतात. खाली वाफेची गादी झालेली असते. पाणी तव्याला शिवतच नाही. लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने लालबुंद लोखंडी चमच्यात थेंब टाकून पाहिलेली ही गंमत १७५६ साली लिहून ठेवली.

धातूतून उष्णता सतत येत राहिली, तर याच गमतीची आफत होते. जपानमध्ये शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेल्या तारेतून वीज सोडून पाहिली; त्यांचा लेख १९३४चा. वीज वाढवत नेली तसे बुडबुडे वाढले, पण तार उकळत्या पाण्याहून थोडीच गरम राहिली. मग एका टप्प्याला वाफेने तारेला वेढलं आणि तिचं तापमान एकदम शेकडो अंशांनी उसळलं. निक्रोमची तार वितळून तुटायची, प्लॅटिनमची तग धरायची. हा टप्पा म्हणजे क्रिटिकल हीट फ्लक्स, बोलताना नुसतं सीएचएफ.

साध्या हवेच्या दाबाला, भांड्यातल्या पाण्यासाठी ही मर्यादा चौरस सेंटीमीटरला सुमारे १०० वॅट. वीस सेंटीमीटर बुडाच्या पातेल्याखाली २००० वॅटची शेगडी लावली, तर हिशेब जेमतेम साडेसहा वॅटांचा येतो. म्हणून पाणी आहे तोवर चहाचं पातेलं जळत नाही.

भांड्यातलं पाणी निदान सरळ वागतं. तापलेल्या नळीतून वाहणाऱ्या पाण्याची तऱ्हाच न्यारी. वाफ कमी असेल तर भिंतीलगत बुडबुड्यांची गर्दी होऊन पाणी दूर लोटलं जातं. हा झटका नुकियामांच्या तारेसारखा. वाफ बरीच झाली की ती मधून धावते आणि पाण्याचा पातळ पापुद्रा तेवढा भिंतीला धरून राहतो. तो संपला की ड्रायआउट, म्हणजे भिंत कोरडी. इथे तापमान बऱ्याचदा सावकाश चढतं.

आता खरी गोम. प्रवाह वाढवला की नळी जास्त उष्णता सोसेल, असंच कुणालाही वाटेल. एरवी ते खरंही आहे. पण वाफेचं प्रमाण जास्त असेल आणि त्या जागी ते तेवढंच ठेवून प्रवाह वाढवला, तर मर्यादा खाली येऊ शकते. कारण वेगाने धावणारी वाफ पापुद्र्यावरचं पाणी ओरबाडून थेंबांच्या रूपात वाहून नेते. भिंतीसाठी असलेलं पाणी भिंतीजवळून निघून जातं! उष्णता नळीभर सारखी नसेल, तर कोरडेपणा शेवटच्या टोकाला न येता आधीच, मधेच कुठेतरी उमटू शकतो. आडव्या नळीत, प्रवाह मंद असेल तर वाफ वर चढते आणि वरचा भाग आधी सुकतो.

हे प्रश्न आपल्यापासून लांबचे नाहीत. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९पासूनच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत पाणी इंधनाच्या उभ्या कांड्यांलगतच उकळतं. तिसऱ्या-चौथ्या भट्टीत इंधन आडव्या नळ्यांमध्ये असतं. दोन्हीकडे कांड्यांवरचं पाणी सुटू नये, हीच काळजी.

इतक्या वर्षांत ही मर्यादा सांगणारं एक सुटसुटीत सूत्र सापडलेलं नाही. अभियंते चक्क कोष्टक उघडतात. ग्रोनेवेल्ड आणि सहकाऱ्यांचं २००६चं कोष्टक ३०,०००हून अधिक मोजमापांवर उभं आहे: दाब, प्रवाह, वाफेचं प्रमाण पाहायचं आणि आकडा उचलायचा. पंचांगात मुहूर्त पाहावा तसं! तेही आठ मिलिमीटर व्यासाच्या एका साध्या उभ्या नळीसाठी. नळी जाड-बारीक असेल किंवा कांड्यांचा जुडगा असेल, तर दुरुस्त्यांचे गुणक वेगळे लावायचे.