शेवंती मेलेली नसते

जानेवारी सरता सरता गच्चीवरच्या कुंड्यांतली शेवंती उपटून टाकली जाते. फुलं सुकली, पानं करपली, म्हणजे झाड संपलं, असं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की नवखा माणूस शंकाही घेत नाही. हे साफ चूक आहे. शेवंती बहुवर्षायू आहे. संपतो तो फुलून गेलेला दांडा. त्याच्या बुडाशी, जमिनीखालच्या खोडातून नवे फुटवे निघतात. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात, आणि झिप्री, राजा अशा जातींची लागवड याच काश्यांवर होते. शेतात जे पुढच्या हंगामाचं बेणं, तेच कुंडीत कचरा ठरावं, याची चीड येते. दांडे चार बोटं ठेवून छाटावेत, पाणी बेताचं द्यावं. फुटवे वर येतातच.

मग आक्षेप येतो: गड्डा फोडला, मुळं तुटली, की झाड दगावणार. सोटमुळाच्या झाडाबाबत ही भीती रास्त आहे. शेवंतीची मुळं तंतुमय असतात आणि वाढलेल्या काशीला स्वतःची मुळं असतात, त्यामुळे ती वेगळी लावली की जगते. उलट गड्डा वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर मधला भाग काष्ठमय होतो, दाटी वाढते, हवा खेळत नाही. म्हणून कडेच्या जोमदार काश्या घ्याव्यात आणि मधला जुना भाग टाकून द्यावा. एक आक्षेप मात्र खरा आहे. मूळ झाडाला विषाणूरोग असेल तर तो काश्यांबरोबर येतो, तेव्हा रोगट झाडाच्या काश्या घेऊच नयेत. बियांपासून वाढवायची म्हटली, तर रोपं आईसारखी निघतील याची खात्री नसते.

शेंडा खुडल्याने फुलं कमी होतात, हा समजही खोटा. शेंड्यातलं ऑक्सिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते फुटतात आणि फांद्या वाढतात. ऑगस्टअखेर मात्र खुडणं थांबवावं, कारण पुढे खुडला तर कळ्यांचा शेंडाच हातात येईल. तरीही कळी धरली नाही की खताला दोष दिला जातो. गार्नर आणि अॅलार्ड यांनी 1920 मध्येच दाखवलं की अनेक वनस्पतींचं फुलणं दिवसरात्रीच्या लांबीवर ठरतं. शेवंतीला लांब, अखंड रात्र लागते. प्रखर दिव्याखाली रात्र काढणाऱ्या कुंडीला खत वाढवून काय होणार? आधी ती अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा, दिवसा मात्र तिला भरपूर ऊन मिळू द्या.