निवृत्तिवेतनाच्या आदेशावरील तिसरे नाव

नागपूरहून अमरावतीकडे जाणारा महामार्ग शहराची हद्द ओलांडतो तेथे लागणाऱ्या वाडीची वस्ती मुख्यतः दोन आधारांवर वाढली: एक अंबाझरीची आयुध निर्माणी आणि दुसरा ट्रान्सपोर्टचा व गोदामांचा धंदा. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीला आपल्याच घरी, आपल्याच गल्लीत आयुष्य काढता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर या दोन प्रकारच्या घरांत सारखे येत नाही, आणि तसे का होते हे पाहू गेल्यास जिल्हाधिकारी कार्यालयातील एका अल्पपरिचित समितीपर्यंत पोहोचावे लागते. बौद्धिक अक्षमता म्हणजे तर्क करणे, शिकणे, अडचण सोडवणे आणि दैनंदिन व्यवहार सांभाळणे या क्षमतांवर बालपणापासून पडलेली लक्षणीय मर्यादा; ती मानसिक आजाराहून वेगळी असते आणि औषधाने बरी होणारी नसते.

हा भेद कायद्याला फार उशिरा उमगला. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयीच्या कायद्याने दोन्ही अवस्था एकाच व्याख्येत कोंबल्या होत्या; १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्या वेगळ्या केल्या आणि २०१७ च्या कायद्याने ते वेगळेपण कायम ठेवले. त्यामुळे मनोरुग्णालयाचे दार या व्यक्तींसाठी बंद झाले, जे योग्यच होते, परंतु त्याऐवजी कोणते दार उघडायचे याचा विचार बराच काळ शाळेपुरताच झाला. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ पासून आणि रजनीताई लिमये यांनी उभारलेली नाशिकची प्रबोधिनी १९७७ पासून या क्षेत्रात आहे. मात्र शाळेत जाणारे मूल अठरा वर्षांचे होते, पुढे चाळिशीही गाठते, आणि तेव्हा आईवडील सत्तरीकडे झुकलेले असतात. ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा प्रश्न पालकांच्या बैठकांत आजही सर्वांत आधी विचारला जातो.

महाराष्ट्रातील पालकांनी त्याचे पहिले मोठे उत्तर निवासी संस्थांच्या रूपाने दिले. बदलापूरची ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळच्या खोणी गावातील अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ ही त्याची परिचित उदाहरणे होत; ती पालकांनी स्वतः उभारली, सरकारची वाट पाहिली नाही, आणि त्यांनी अनेक कुटुंबांना रात्रीची झोप मिळवून दिली हे मान्य केलेच पाहिजे. तरीही निवासी संस्था हा एकमेव मार्ग ठरला की त्यात जोखीम येते. पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय निवासी संस्थेतील मुलींची व तरुण स्त्रियांची गर्भाशये १९९४ मध्ये शस्त्रक्रिया करून काढण्यात आली, तेव्हा स्वच्छतेची सोय हे त्याचे समर्थन पुढे केले गेले; शेजारपाजार, नातेवाईक, रोजची येजा यांपासून तुटलेल्या जागी सोय हाच निकष कसा प्रबळ होतो, हे त्या प्रकरणाने राज्याला दाखवले.

या पार्श्वभूमीवर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा वेगळी दिशा धरतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी केंद्र सरकारने एकदाच दिलेल्या शंभर कोटी रुपयांच्या निधीवर हा न्यास उभा राहिला, आणि व्यक्तीला शक्य तितके स्वावलंबी व आपल्या समाजाच्या शक्य तितके जवळ राहता यावे, हे त्याच्या उद्दिष्टांत पहिले ठेवले गेले. या उद्दिष्टाचे जिल्ह्यातील हत्यार म्हणजे स्थानिक स्तर समिती: जिल्हाधिकारी, न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी तिची रचना असून तिने किमान तीन महिन्यांतून एकदा बैठक घ्यावी अशी अपेक्षा आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीवर आईवडिलांचाही आपोआप कायदेशीर अधिकार राहत नाही, ही बाब अनेक घरांना बँकेच्या खिडकीशीच प्रथम कळते. मग पालक किंवा नातेवाईक या समितीकडे अर्ज करून आपल्या पसंतीच्या व्यक्तीला कायदेशीर पालक नेमण्याची विनंती करू शकतात. दिवाणी न्यायालयाचा फेरा, वकील आणि खर्च टळणे हे या व्यवस्थेचे खरे बळ आहे.

कायद्याने समितीला केवळ शिक्का मारण्याचे काम दिलेले नाही. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कोणत्या कामांपुरती, हे तिने आधी ठरवायचे असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या मालमत्तेची यादी सादर करायची आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. हेळसांड, छळ किंवा पैशाचा अपहार झाल्यास त्याला हटवता येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हा विचार आणखी पुढे नेला: अन्य कोणत्याही कायद्याखाली नेमलेला पालक यापुढे ‘मर्यादित पालक’ समजला जाईल, म्हणजे तो पाल्याच्या जागी नव्हे तर पाल्याशी विचारविनिमय करून, त्याची इच्छा समजून घेऊन निर्णय घेईल. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सुचिता श्रीवास्तव प्रकरणात, सौम्य ते मध्यम बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही असे म्हटले होते, त्या भूमिकेशी हे सुसंगतच आहे. सही कोणाची हा प्रश्न समितीने सोपा केला. इच्छा कोणाची हा प्रश्न मात्र समितीच्या पालकत्वाच्या प्रमाणपत्राने सुटत नाही.

आयुध निर्माणीतील घरांसाठी हे प्रमाणपत्र थेट चुलीशी जोडलेले आहे. १ जानेवारी २००४ पूर्वी केंद्र सरकारच्या सेवेत लागलेल्या कर्मचाऱ्याच्या व नंतर त्याच्या जोडीदाराच्या पश्चात, उपजीविका कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते, आणि त्याच्या विवाहानेही आता ते थांबत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या पाल्याच्या वतीने ते स्वीकारण्यासाठी समितीने नेमलेला पालक ग्राह्य धरला जातो. जाणकार पालक आपल्या हयातीतच निवृत्तिवेतन देयक आदेशात, रोजच्या बोलीत पीपीओत, स्वतःच्या व जोडीदाराच्या नावाखाली पाल्याचे हे तिसरे नाव घालून घेतात, कारण दोघांच्या मृत्यूनंतर अपंगत्वाचे प्रमाणपत्र, नात्याचा पुरावा आणि पालकत्वाचा आदेश एकदम गोळा करायची पाळी एखाद्या भावावर किंवा भाच्यावर येते. २०२१ मध्ये उत्पन्नाची अटही सैल झाली: पाल्याचे अन्य उत्पन्न त्याला देय असलेल्या सामान्य दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनाहून, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के व त्यावरील महागाई साहाय्य यांच्या बेरजेहून, कमी असले की पुरे. संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे देखरेखीखाली मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पाकीटबंद मसाले अशी कामे चालतात तेथे, जाऊन थोडे मानधन मिळवले तर निवृत्तिवेतन जाईल ही भीती त्यामुळे बरीच ओसरायला हवी. पण नियम बदलला तरी भीती घरात जुनीच राहते, असाही अनुभव असतो.

ट्रकचालक, हमाल किंवा गोदामातील कंत्राटी कामगार यांच्या घरी पीपीओ नसतो. तेथे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे येतात, जे २०२५ च्या निर्णयाने दिव्यांगांसाठी दरमहा २,५०० रुपये झाले, आणि न्यासाच्या ‘निरामय’ विम्याचे वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण घेता येते. एवढ्या रकमेत दिवसभर सोबत करणारा माणूस ठेवता येत नाही, म्हणून आई कामावर जाणे सोडते आणि घराचे उत्पन्न आणखी घटते. ज्या घराला आधाराची गरज जास्त, तेथेच तो सर्वांत तोकडा पडतो. या साखळीचा तुटका दुवा प्रमाणपत्र नसून घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरील दिवसाचे केंद्र आहे, जेथे प्रौढ मुलगा सकाळी जाऊन संध्याकाळी परतेल आणि आई आजारी पडल्यास आठवडाभर राहूही शकेल. २०१६ च्या कायद्याचे पाचवे कलम दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा आणि त्यासाठी घरपोच, निवासी व अन्य साहाय्य मिळण्याचा हक्क देते, आणि महाराष्ट्रात नगर परिषदांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांग कल्याणावर खर्च करणे अपेक्षित आहे. हा निधी वर्षातून एकदा खात्यावर थोडी थोडी रक्कम टाकून संपवण्याऐवजी जागेचे भाडे, एक प्रशिक्षित शिक्षक व एक मदतनीस यांवर लावता येईल काय, हे वाडी नगर परिषदेच्या अर्थसंकल्पी सभेत ठरू शकते. त्यासाठी दिल्लीकडून नवा कायदा येण्याची गरज नाही.