हातावरचं पोट (6) : मालिश करणाऱ्याचा तास

गेल्या आठवड्यात सलूनमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्या कारागिरांच्या पायांविषयी लिहिलं होतं. या आठवड्यात मालिश. स्पाच्या दरपत्रकावर 60 मिनिटं, 90 मिनिटं असे आकडे असतात आणि प्रत्येकापुढे रक्कम. गिऱ्हाइकाचा हिशेब तिथे संपतो. थेरपिस्टचं काम मात्र त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. चादर बदलायची, तेल कोमट करायचं, आलेल्या माणसाला रक्तदाब आहे का, नुकती शस्त्रक्रिया झाली आहे का, नेमकं कुठे दुखतंय, हे विचारून घ्यायचं. तो गेल्यावर टेबल पुसायचं, तेलाने निसरडी झालेली फरशी पुसायची, कोपरापर्यंत हात धुवायचे. कमिशनवर काम असेल तिथे या मधल्या मिनिटांचे पैसे कुणी धरत नाही. हीच मिनिटं या कामात सगळ्यांत महत्त्वाची आहेत, असं माझं ठाम मत आहे.

कारण हाताला विसावा मिळतो तो तेवढाच. अंगठ्याचं उदाहरण घेऊ. चिमटीत 1 किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या सांध्यावर सुमारे 12 किलोचा दाब येतो, असं 1977 मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात मोजलं गेलं होतं. पाठीतली गाठ अंगठ्याने दाबताना हा सांधा सतत भार सोसत असतो. वर्षानुवर्षं असं झालं की तो झिजतो, अंगठ्याकडच्या स्नायुबंधांना सूज येते, मग बरणीचं झाकणही उघडत नाही. म्हणून चांगले शिक्षक पहिल्यापासून बजावतात की अंगठा जपून वापरा, कोपर आणि पुढचा हात वापरा, जोर दंडातून लावू नका, एक पाय पुढे टाकून अंगाचं वजन झुकवा. टेबलाची उंचीही ज्याच्या त्याच्या बेताची हवी. ताठ उभं राहिल्यावर मुठीची पेरं टेबलाला टेकतील, इतपत. पण एकच न हलणारं टेबल पाच फुटांच्या मुलीला आणि पावणेसहा फुटांच्या मुलाला पाळीपाळीने वापरायला लावलं, तर शिकवलेलं सगळं वाया जातं आणि दोघांपैकी एकाची कंबर धरते.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाची व्यवसायांविषयीची मार्गदर्शिका या कामाबद्दल स्पष्ट सांगते की शारीरिक श्रमांमुळे रोज आठ तास, आठवड्याचे पाच दिवस प्रत्यक्ष मालिश करणं थेरपिस्टला बहुधा जमत नाही. आपल्याकडे महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा 2017 साली नव्याने झाला, तेव्हा त्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास आणि सलग 5 तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती अशा मर्यादा घातल्या गेल्या. त्या हव्यातच. पण कायदा तास मोजतो, सेशन मोजत नाही. नऊ तासांत सात सेशन सहज बसवता येतात आणि कागदावर कुठेच काही मोडत नाही. काउंटरवर बसलेल्याचे नऊ तास आणि पाठी रगडणाऱ्याचे नऊ तास एकाच मापात टाकले जातात.

शिवाय शनिवार-रविवारी गिऱ्हाइकांची रीघ लागते, मंगळवारी खुर्चीत बसून राहावं लागतं. मूळ पगार तुटपुंजा आणि बाकी सगळं सेशनमागे, अशी रचना असली की सातवं सेशन थेरपिस्ट स्वतःच मागून घेते. घरी पैसे पाठवायचे असतात. तिने स्वतःच घेतलं, असं मालक म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. म्हणून नुसत्या ‘हात सांभाळा’ या सल्ल्याने काही होत नाही. मूळ पगार पोट भरेल एवढा हवा, तासाभराची पाच सेशन ही दिवसाची वरची हद्द हवी आणि दोन सेशनमधली पंधरा मिनिटं पगारी हवीत.

जुन्या पद्धतींत याचा विचार होता का? सुश्रुतसंहितेचा टीकाकार डल्हण अभ्यंगाचा वेळ मात्रांमध्ये देतो. तेल केसांच्या मुळांशी पोचायला 300 मात्रा, त्वचेला 400, आणि पायरीपायरीने मज्जेपर्यंत 900. हा सगळा विचार झोपलेल्या माणसाच्या बाजूने आहे, चोळणाऱ्याच्या दमाचा त्यात हिशेब नाही. प्रत्यक्ष रीतीत मात्र श्रम वाटलेले दिसतात. केरळी पद्धतीच्या अभ्यंगात द्रोणीच्या, म्हणजे मालिशच्या लाकडी मेजाच्या, दोन्ही बाजूंना दोघं उभे राहून एका लयीत हात चालवतात. पिळिच्चिलमध्ये तर कोमट तेलाची धार न तुटू देता चोळत राहायचं असल्याने आणखी माणसं लागतात. चवट्टी उळिच्चिलमध्ये वर बांधलेला दोर धरून पायाने मालिश होते, त्यामुळे अंगठ्याचा प्रश्नच येत नाही. खर्च वाचवायला दोघांच्या जागी एकच माणूस ठेवला जातो, तेव्हा उपचाराइतकंच त्या माणसाचंही नुकसान होतं.

आपल्या घरांत येणाऱ्या बाळंतिणीच्या बाईचा तर दरपत्रकाशीही संबंध नाही. पाटावर बसून, पाय लांब सोडून, त्या पायांवर बाळाला घेऊन अंघोळ घालायची. त्याआधी आईचं अंग रगडायचं, मागून शेक, धुरी. तास-सव्वा तास सहज जातो. आणि प्रत्येक घराला हे सकाळीच हवं असतं, त्यामुळे चार घरं असली तर तिला उसंत नाही. बोली होते सव्वा महिन्याची, शेवटी साडीचोळी. गुडघे आणि कंबर यांची बोली कुणी करत नाही.

आता ॲपवरून बोलावणं येतं आणि थेरपिस्ट घडीचं टेबल उचलून अनोळखी घरात जाते. तिथे दार बंद झाल्यावरची सुरक्षितता हीसुद्धा कामाचीच अट आहे. 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा कामानिमित्त जावं लागतं ती जागाही कामाची जागा मानतो, आणि तिथे संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून संरक्षण देणं हे मालकाचं कर्तव्य ठरवतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती प्रत्येक थेरपिस्टला पहिल्याच दिवशी, तिच्या भाषेत मिळायला हवी. आणि गिऱ्हाईक वावगं वागलं, तर दहाव्या मिनिटालाही सेशन थांबवून निघून येता यावं, पूर्ण साठ मिनिटांच्या पैशांसह.

(पुढच्या आठवड्यात : इस्त्रीवाल्यांचा खांदा)