बारदान वजा जाता

बाजारात पोत्याने माल आला की काट्यावर पहिला हिशेब होतो तो बारदानाचा. पोत्याचे वजन वजा झाल्याशिवाय पावती फाटत नाही. मग नमुना तळहातावर घेतला जातो, दाणा दाताखाली फोडला जातो, ओल किती, कचरा किती, घट किती बसेल, याचा अंदाज बांधला जातो, आणि त्यानंतरच भावाची बोलणी सुरू होते. नाशिकच्या जैन व्यापारी घरांत ही पारख कोणी शिकवत नाही. गादीवर आजोबांच्या शेजारी बसता बसता ती नातवाच्या अंगी उतरते.

मात्र दिवाळी पंधरवड्यावर आली, किंवा घरात लग्न निघाले, की हाच जाणता व्यापारी काटा बाजूला ठेवतो. सुक्या मेव्याचा मखमली डबा, सोन्याचा वर्ख लावलेली मिठाई, ‘ए-टू’ तूप, मामरा बदाम आणि परदेशी फळांची परडी यांचा भाव तो विचारतो, पण माल विचारत नाही. दुकानात किलोमागे दोन रुपयांसाठी तासभर बोलणी करणारा माणूस येथे हजारांच्या रकमा मुकाट्याने मोजतो. महाग वस्तू घेऊ नयेच, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न इतकाच आहे की दिलेल्या पैशांपैकी किती पैसे मालाचे आणि किती बारदानाचे.

आरंभ केशरापासून करावा, कारण किलोच्या भावाने पाहिले तर स्वयंपाकघरात त्याहून महाग काही नाही. केशराच्या एका फुलातून तीनच केसर निघतात. ती हाताने खुडावी लागतात, आणि एक किलो सुके केशर हाती येण्यास सुमारे दीड लाख फुले लागतात. काश्मीरमधील पांपोरच्या पठारावर ही वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मोजक्या दिवसांत आटोपते. काश्मिरी केशराला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळाले. जगातील बहुतांश केशर मात्र इराणमध्ये पिकते. एवढे कष्ट असलेल्या वस्तूचा भाव चढा असणे स्वाभाविक आहे.

आता वाटीचा हिशेब पाहावा. एका ग्रॅममध्ये साधारण साडेचारशे काड्या भरतात. चार वाट्या खिरीला अठरा काड्या घातल्या तर एक ग्रॅम पंचवीस वेळा पुरते. ग्रॅमचा भाव ५०० रुपये धरला तरी एका वेळेस २० रुपये, म्हणजे वाटीमागे ५ रुपये पडतात. किलोच्या भावाने छाती दडपवणारी वस्तू वाटीच्या भावाने अगदी माफक ठरते. केशर खरे असेल, तर ते आपली किंमत वसूल करून देते. खरे केशर कोमट पाण्यात हळूहळू सोनेरी पिवळा रंग सोडते आणि काडी बराच वेळ तांबडीच राहते. पाण्यात पडताच लाल रंग सुटला आणि काडी पांढुरकी पडली, तर ते रंगवलेले धागे समजावेत. ज्या घरांत रोज पूजेसाठी केशर-चंदन घोटले जाते, तेथे ही ओळख वेगळी सांगावी लागत नाही.

याच्या अगदी उलट हिशेब मिठाईच्या डब्याचा. किलोला १,२०० रुपये भावाची काजूकतली पुठ्ठ्याच्या डब्यासकट तोलली आणि डबा १०० ग्रॅमचा निघाला, तर १२० रुपये पुठ्ठ्याचे झाले. तेवढ्या पैशांत वरच्या हिशेबाने खिरीच्या चोवीस वाट्यांचे केशर येते. वजनमापाच्या नियमांनुसार ग्राहकाला निव्वळ वजनाचा माल मिळाला पाहिजे. डबा आधी काट्यावर ठेवून त्याचे वजन वजा करा, असे सांगण्याचा त्याला हक्क आहे. आपल्या गोदामात गोणपाटाचे वजन सोडून देणारा व्यापारी सापडणार नाही, पण मिठाईच्या दुकानात हे चार शब्द बोलण्याचा त्यालाच संकोच वाटतो.

बदामाचेही असेच. बाजारात ‘मामरा’ नावाने मिळणारा बारीक, सुरकुतलेला बदाम प्रामुख्याने इराण, अफगाणिस्तान व काश्मीरकडचा असतो, आणि सर्वत्र मिळणाऱ्या कॅलिफोर्निया बदामाच्या तिप्पट-चौपट भावाने तो विकला जातो. त्याला तेलाचा अंश अधिक असतो आणि चवही गडद असते, हे खरे. ज्याला ती चव आवडते त्याने तो अवश्य घ्यावा. पण ताकद तिप्पट-चौपट मिळते, या समजुतीने घेऊ नये. १०० ग्रॅम बदामात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच शेंगदाण्यांत ती २४-२५ ग्रॅमच्या आसपास भरतात. हाडांसाठी बदाम, असेही म्हटले जाते. बदामात १०० ग्रॅमला सुमारे २५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि नाशिक जिल्ह्याच्याच पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नागलीत ते साडेतीनशेच्या घरात जाते. ‘ई’ जीवनसत्त्वात मात्र बदाम या दोघांच्याही पुढे आहे. पण तो गुण साध्या बदामातही आहे.

तुपाची गोष्ट अधिक बारकाईने समजून घ्यावी लागते, कारण तेथे चढ्या भावाचा एक भाग रास्त आहे. गायीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ४ टक्के धरला तर एक किलो तुपाला निदान २५ लिटर दूध लागते. दही लावून, घुसळून, लोणी कढवून केलेले तूप स्वस्त पडू शकत नाही. ते फारच स्वस्त मिळाले तर उलट शंका घ्यावी. मात्र ‘ए-टू’ या दोन अक्षरांसाठी जो जादा भाव आकारला जातो, त्याला आधार नाही. ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाचा आहे, आणि तूप म्हणजे जवळजवळ निखळ स्निग्धांश. प्रथिन कढवण्यात बेरीबरोबर मागे राहते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे दिशाभूल करणारे असल्याचे सांगून ते वेष्टनांवरून काढण्याचे निर्देश दिले, आणि अधिक विचारविनिमयासाठी काही दिवसांतच ते मागे घेतले. निर्देश मागे गेले तरी तुपातील घटक बदललेले नाहीत. दुधाचे पैसे आनंदाने द्यावेत, अक्षरांचे देऊ नयेत.

दिखाव्याचे टोक पाहावयाचे तर सुरतेकडे वळावे. चांदी पडव्याच्या दिवशी तेथे घारी खाण्याची जुनी रीत आहे. २०२० साली या सणाला तेथे सोन्याचा वर्ख लावलेली घारी किलोला ९,००० रुपये भावाने विक्रीस आली. साधी घारी त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भावात मिळत होती. सोन्याला चव नाही, वास नाही, आणि ते पचतही नाही. जसे पोटात जाते तसेच बाहेर पडते. आता लग्नसमारंभांच्या पंगतींतही अशा मिठाया दिसू लागल्या आहेत.

चांदीच्या वर्खाचा प्रश्न मात्र पैशांचा नाही. नियमानुसार खाद्य वर्खातील चांदी हजारी ९९९ शुद्धतेची असावी लागते आणि तिचे वजन चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंतच असू शकते. एक किलो काजूकतली पसरली तर ती चौरस मीटरचा साधारण दहावा भाग व्यापते. म्हणजे किलोभर मिठाईवर चांदी बसते ती फार तर पाव ग्रॅमच्या आसपास. तिची किंमत किरकोळ आहे. खरी किंमत आहे ती वर्ख तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत. त्या पद्धतीत चांदीचे तुकडे बैलाच्या आतड्यांच्या किंवा जनावरांच्या कातड्याच्या पानांमध्ये ठेवून तासन्‌तास कुटले जात. २०१६ मध्ये वर्खाच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरण्यास मनाई करण्यात आली, आणि यंत्राने अथवा विशेष कागदांत तयार केलेला वर्ख आज बाजारात उपलब्ध आहे. वर्ख बोटांत चोळला की चांदी विरून जाते आणि ॲल्युमिनियमचे तुकडे पडतात, एवढी परीक्षा घरी करता येते. पण तो कशात कुटला, हे बोटांना कळत नाही. ते विचारावेच लागते.

जी घरे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपतात आणि पाणी गाळून पितात, त्यांच्याच ताटातील कतलीवर असा वर्ख असू शकतो, ही गोष्ट साधी नव्हे. पुष्कळ मंदिरांत प्रतिमेच्या अंगरचनेसाठीही वर्ख वापरला जातो. म्हणून मिठाई मागवताना आणि मंदिरासाठी वर्ख घेताना उत्पादकाचे नाव आणि ‘प्राणिजन्य वस्तूंचा वापर नाही’ असा लेखी उल्लेख मागणे, ही चिकित्सा नव्हे, कर्तव्य आहे. तशी खात्री होत नसेल तर वर्खावाचून कतली कमी गोड लागत नाही.

शेवटी सुक्या मेव्याचा तो मखमली डबा. चातुर्मासात काजू-बेदाण्यांसारखा मेवा वर्ज्य मानणारी अनेक श्वेतांबर घरे आहेत, आणि दिवाळी तर कार्तिकी पौर्णिमेच्या आधीच येते. म्हणजे ज्या दिवशी डबा घरी पोहोचतो, त्या दिवशी तो नियम पाळणाऱ्या घरात उघडताच येत नाही. त्यातील अंजीर कित्येक घरांत बारमाही वर्ज्य. मग डबा कपाटात राहतो, किंवा चिठ्ठी बदलून पुढच्या घरी जातो, तेथून आणखी पुढे. पौर्णिमा उलटून कोणी तो उघडलाच, तर अक्रोड खवट झालेले असतात. देणाऱ्याने पैसे खर्चले, घेणाऱ्याच्या मुखी काही लागले नाही, आणि मधल्या मध्ये मखमल तेवढी फिरत राहिली.

या फेऱ्यात सर्वांत अधिक ओढाताण होते ती लहान दुकान चालवणाऱ्या घराची. मोठ्या पेढीकडून दोन हजारांचा डबा आला की परत पाठवणी त्याच तोलाची करावी लागते. पेढीसाठी तो किरकोळ खर्च, लहान दुकानदारासाठी दिवाळीच्या नफ्यातील मोठा हिस्सा. लग्नाच्या पंगतीचेही तसेच. एका घराने परदेशी फळांचा विभाग मांडला की पुढच्या घराला तो मांडावाच लागतो, मग त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी. अनेक समाजसंघांनी पंगतीतील पदार्थांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे ठराव केले आहेत. पण ठराव पाळण्याची सुरुवात ज्यांना खर्च परवडतो त्यांनीच करावयाची असते. न परवडणाऱ्याने साधेपणा धरला तर त्याला नाइलाज म्हणतात. ऐपतवानाने धरला तर इतरांना वाट मोकळी होते.

श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोग-परिमाण सांगितले आहे. परिमाण म्हणजे माप, आणि माप हे तर व्यापाऱ्याच्या रोजच्या हातातले. यंदा दिवाळीची यादी लिहिताना मापाचे तेच तीन प्रश्न प्रत्येक वस्तूपुढे ठेवता येतील: निव्वळ माल किती, तो कसा तयार झाला, आणि ज्याच्या घरी जाणार त्याच्या मुखी तो लागणार का. केशराची छोटी डबी या तिन्ही प्रश्नांना उतरेल. ओळखीच्या गोठ्यातील किलोभर तूपही उतरेल. आणि मेवाच द्यावयाचा असेल, तर तो कार्तिकी पौर्णिमेनंतर, ताजा, साध्या पिशवीत द्यावा. दोन आठवडे उशिरा पोहोचलेली ती भेट त्या घरात त्याच दिवशी उघडली जाईल.