चेन सॉ सुरू होत नाही? आधी टाकीतले पेट्रोल पाहा

कृषी विस्तार अधिकारी, सुरगाणा



पाऊस उघडला, नागली-वरईची कापणी आटोपली, की आपल्या भागात जुन्या आंब्यांच्या छाटणीला आणि बांधावरच्या वाळलेल्या फांद्या तोडायला सुरुवात होते. गेल्या काही वर्षांत कुऱ्हाडीच्या जोडीला पेट्रोलवरचा चेन सॉ, ज्याला आपण नुसते ‘मशीन’ म्हणतो, बऱ्याच घरी आला आहे. आणि दरवर्षी याच दिवसांत तक्रार येते : ‘‘साहेब, मे महिन्यात मस्त चालत होतं. आता दोरी ओढून खांदा दुखायला लागला, पण सुरूच होत नाही.’’

माझ्या पाहण्यात आलेली यातली बरीचशी मशीने बिघडलेली नव्हती. बिघडले होते ते पेट्रोल. म्हणून प्लग, कार्बोरेटर यांच्या मागे लागण्याआधी टाकीत काय आहे ते बघावे.

मागच्या हंगामात एका शेतकरी बंधूने जूनपासून कॅनमध्ये पडून असलेले पेट्रोलच मशीनमध्ये भरले. पुष्कळ ओढाताण केल्यावर मशीन सुरू झाले म्हणून तो खूष झाला. दहा-पंधरा मिनिटे चालले, आवाज बारीक आणि चढा झाला, आणि मशीन एकदम थांबले. मग दोरी हलेना. बोरगाव, वणी, दिंडोरी करत मशीन नाशिकला गेले. तिथे कळले की पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला आहे. दुरुस्तीचा खर्च ऐकून त्याला नवीनच मशीन घेण्याचा विचार करावा लागला, आणि छाटणीचे दिवस गेले ते वेगळेच.

असे का झाले? पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सुरुवात आपल्याकडे २००३ साली ५ टक्क्यांनी झाली. २०२२ मध्ये ते प्रमाण १० टक्क्यांवर आले आणि २०२५ पासून देशभर पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. मोटारसायकलचे पेट्रोल रोज वापरले जाते, साठून राहत नाही, त्यामुळे तिथे हे जाणवत नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते. अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये दमट हवा आत-बाहेर होत राहते, झाकण सैल असेल तर पागोळ्यांचे दोन थेंबही आत जातात. पाणी मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसते, पेट्रोल वर राहते. आपण घातलेले टू टी ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. मशीनचा फिल्टर मात्र टाकीच्या तळाशी असतो. म्हणजे इंजिनला ऑइलशिवायचा माल मिळतो. या इंजिनला वंगणाची दुसरी सोय नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच त्याचे वंगण. ते गेले की पिस्टन घासतो आणि जाम होतो.

तपासणी सोपी आहे. कॅनमधले पेट्रोल न हलवता तळासकट काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे आणि सावलीत अर्धा तास ठेवावे. खाली वेगळा थर दिसला, गढूळ दिसले किंवा वास आंबट, वार्निशासारखा आला, तर ते मशीनमध्ये घालू नये. थर दिसला नाही तरी चार महिन्यांचे पेट्रोल वापरू नये. त्यातला लवकर पेट घेणारा भाग उडून गेलेला असतो. टाकून द्यायचे म्हणून विहिरीजवळ किंवा ओहोळात ओतू नका, चुलीत तर मुळीच नको. गॅरेजवाल्याकडे द्यावे.

टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे. ऑइल किती घालायचे ते मशीनच्या पुस्तिकेत असते. काही मशीनना लिटरला २० मिलीलिटर, काहींना ४० मिलीलिटर लागते. अंदाजाने ओतू नये. मिश्रण कॅनमध्ये करावे, टाकीत नव्हे, आणि प्रत्येक वेळी हलवून मगच भरावे. काही जुन्या मंडळींना रॉकेलवर चालणाऱ्या पंपाची सवय आहे, ते यातही रॉकेल घालून बघतात. चेन सॉला ते चालत नाही.

पेट्रोल ताजे असून मशीन सुरू होत नसेल तर प्लग काढून बघावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर पोचत नाही. टाकीच्या तोंडातून वाकवलेल्या तारेने नळी बाहेर ओढावी. टोकाचा फिल्टर काळा, चिकट झाला असेल तर बदलावा. नळी दुमडल्यावर भेगा दिसल्या तर तीही बदलावी. दोन्ही वस्तू स्वस्त आहेत.

प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. याला बहुधा आपणच कारणीभूत असतो. थंड मशीनला चोक लावून दोरी ओढतो, ते एकदा ‘भुक्‌’ करून थांबते. हीच चोक उघडायची वेळ. तो आवाज ऐकला नाही आणि ओढतच राहिलो, की सिलिंडर पेट्रोलने भरतो. अशा वेळी स्विच बंद करावा, प्लग बाहेरच ठेवून भोक खाली येईल असे मशीन धरावे आणि दोरी आठ-दहा वेळा ओढावी. प्लग पुसून वाळवावा, थोडा वेळ थांबावे, बसवावा आणि चोक उघडा ठेवून सुरू करावे. ठिणगी पाहण्यासाठी प्लग सिलिंडरला टेकवून दोरी ओढण्याची पद्धत काहीजण सांगतात. मी ती सांगत नाही, कारण भोकातून उडालेल्या पेट्रोलचा भडका होऊ शकतो. शंका असेल तर नवा प्लग लावून बघावा.

मशीन सुरू होते पण थोड्या वेळाने बंद पडते, असे असेल तर टाकीचे झाकण सैल करावे. ‘सुस्स’ असा आवाज येऊन मशीन पुन्हा चालू लागले तर झाकणाचे हवेचे छिद्र भुशाने बुजले आहे. हवेचा फिल्टरही असाच भुशाने भरतो. तो झटकून, साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून लावावा. कार्बोरेटरवरचे बारीक स्क्रू मात्र फिरवू नयेत. एकदा हलले की पहिल्या जागी आणणे अवघड, आणि पेट्रोल कमी पडले तर पुन्हा तोच पिस्टनचा धोका.

सुरू करताना मशीन जमिनीवर टेकवावे, चेनचा ब्रेक लावावा, मागच्या मुठीत बूट अडकवून मगच दोरी ओढावी. हातात लटकत धरून झटका देणारे बरेच दिसतात. चेन मांडीला लागली तर दवाखाना किती लांब आहे ते आपल्याला माहीत आहे.

फांद्यांऐवजी उभे झाड तोडायचे असेल तर आधी वन विभागाकडे चौकशी करावी. साग, खैर, मोह, आंबा अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने स्वतःच्या शेतातही परवानगी लागते.

पेट्रोल महिन्याभरात संपेल एवढेच बनवावे आणि कॅनवर तारीख लिहावी. मृग लागण्याआधी मशीन ठेवून देताना टाकी पूर्ण रिकामी करावी, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत मोकळे चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरमधले उरलेले पेट्रोलही संपेल. भुसा पुसून, चेनला ऑइल लावून, मशीन जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे. माळ्यावर चालेल, पण चुलीच्या वर नको.